काठमांडूत राहून आसपासची जुनी गावं आणि देवळं: कुठे किती वेळ द्यावा?

मृण्मयी_कोथरूड

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाली की आई-बाबांना घेऊन नेपाळला जायचा बेत आहे. हाताशी एक आठवडा आहे. टूरवाल्याने पाठवलेल्या कार्यक्रमात पहिल्याच दिवशी सकाळी पशुपतिनाथ, मग बौद्धनाथ, स्वयंभूनाथ, बुढानीलकंठ, दुपारी पाटण आणि संध्याकाळी खरेदी, असं सगळं कोंबलंय. दुसऱ्या दिवशी पहाटे पोखऱ्याला रवाना. भक्तपूरचं नावही नाही.

बाबा ७२ वर्षांचे आहेत. जुनी बांधकामं आणि इतिहास हा त्यांचा जीव की प्राण, एका कोरीव खांबापाशी अर्धा तास रमणारा माणूस. त्यांना असं पळवत नेणं मला बरं वाटत नाही. आई नवनाथांची पोथी वाचते. नेपाळात मच्छिंद्रनाथांचं मोठं देऊळ आहे असं तिने ऐकलंय आणि तिथे जायचंच असा तिचा आग्रह आहे. बाबांचे गुडघे दुखतात, सलग पायऱ्या चढवत नाहीत. घरचे सगळे शाकाहारी.

पोखरा वगळून आठवडाभर काठमांडू आणि आसपासच राहिलो तर कंटाळा येईल का? एका दिवसात जाऊन येण्यासारखी कोणती गावं आहेत? अनुभवी लोकांनी सांगावं.

बागमतीकाठ

मृण्मयी, कंटाळा तर येणार नाहीच, उलट आठवडा कमी पडेल. नवऱ्याच्या नोकरीमुळे मी बरीच वर्षं ललितपूरला, म्हणजे पाटणला राहते. पाहुण्यांना हिंडवणं हे माझं आवडीचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट समजून घे. तू ज्याला काठमांडूच्या आसपासची गावं म्हणतेस ती एके काळी स्वतंत्र राज्यं होती. यक्ष मल्ल राजा १४८२ मध्ये गेला आणि पुढे त्याच्या वंशजांत खोऱ्याची वाटणी होऊन काठमांडू, पाटण आणि भक्तपूर अशी तीन राज्यं झाली. हाकेच्या अंतरावरच्या या तीन भाऊबंदांनी पुढची पावणेतीनशे वर्षं एकमेकांवर कुरघोडी करत देवळं, राजवाडे आणि तळी बांधली. एकाने सोन्याचा दरवाजा केला की दुसऱ्याने दगडी देऊळ उभं करायचं. १७६८-६९ मध्ये गोरखा राज्याच्या पृथ्वीनारायण शाहाने तिन्ही जिंकून घेतली. आज तू जे बघायला येणार आहेस त्यातलं बरंचसं या चढाओढीतून उभं राहिलेलं आहे. म्हणून पाटण म्हणजे काठमांडूचं उपनगर आणि भक्तपूर म्हणजे वाटेवरचा एक 'पॉइंट' असं धरलं की सगळंच हुकतं. ही तीन वेगवेगळी शहरं आहेत. प्रत्येकाला त्याचा पूर्ण दिवस द्यायला हवा.

भक्तपूरला तर मुक्काम करा. काठमांडूपासून ते फक्त १३-१४ किलोमीटरवर आहे, त्यामुळे सगळे सकाळी अकराला येतात आणि चारला परत जातात. नेमकं त्याच वेळेत ते गाव सगळ्यात कमी दिसतं. भक्तपूर बघायचं ते सकाळी सहाला. तळमजल्यावरची लाकडी दारं उघडतात, बायका पितळी ताटलीत अक्षता, फुलं, अबीर घेऊन बाहेर पडतात. वाटेत जेवढे देव लागतील त्या प्रत्येकाला चिमूटभर वाहत पुढे जातात. उंबऱ्याबाहेर जमिनीत बसवलेला दगडसुद्धा सुटत नाही. चौथऱ्यांच्या कडेला म्हातारे भजनाला बसलेले असतात. कुंभारआळीत ओल्या मडक्यांच्या रांगा उन्हाला मांडायचं काम चाललेलं असतं. नऊ वाजले की मोटारसायकली सुरू होतात आणि हे सगळं विरून जातं.

बाकीचं रात्री लिहिते.

शिलालेख

भक्तपूरच्या मुक्कामाला माझाही दुजोरा. आणि तिथून एक ठिकाण अजिबात चुकवू नका: चांगुनारायण. भक्तपूरच्या उत्तरेला टेकडीवर आहे, गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता. खोऱ्यातल्या ज्या सात ठिकाणांना १९७९ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांतलं हे एक. गर्दी मात्र या सातांत इथेच सगळ्यात कमी.

मृण्मयीताई, तुमच्या बाबांसाठी मुद्दाम सांगतो. देवळाच्या पश्चिम दारासमोर एक दगडी खांब आहे आणि त्यावर लिच्छवी घराण्यातल्या मानदेव राजाचा शके ३८६ चा, म्हणजे इ. स. ४६४ चा संस्कृत लेख आहे. नेपाळच्या लिखित इतिहासाची सुरुवात इथून धरतात. त्यातला मजकूर वाचून मी थरारलो होतो. मानदेवाचे वडील धर्मदेव अचानक वारतात. आई राज्यवती सती जायला निघते. मुलगा तिचे पाय धरतो, तू गेलीस तर मीही जगणार नाही म्हणतो. आई थांबते. मग हा तरुण राजा वडिलांचं ऋण फेडायला मोहिमेवर निघतो, आधी पूर्वेकडे, मग गंडकी ओलांडून पश्चिमेकडे. साडेपंधराशे वर्षांपूर्वी एका मुलाने आईला कसं थोपवलं हे दगडावर कोरलेलं आहे, आणि तो दगड अजून त्याच अंगणात उभा आहे. आपल्याकडे बहुतेक जुने लेख दानाचे आणि जमिनीचे. घरातलं असं दुःख राजशासनात फार क्वचित येतं.

शेजारीच गुडघा टेकून हात जोडलेला गरुड आहे, मनुष्यरूपातला. त्याचा चेहरा मानदेवाचाच अशी समजूत आहे. गळ्यात नाग आणि केसांच्या बटा इतक्या नाजूक कोरल्यात की पाषाण आहे हे विसरायला होतं. आवारात त्रिविक्रम, विश्वरूप, नरसिंह अशी शिल्पं उघड्यावर मांडलेली आहेत. गरुडावर बसलेला विष्णू बाबांना ओळखीचा वाटेल, नेपाळच्या दहा रुपयांच्या नोटेवर तो छापलेला आहे.

गाडीतळापासून देवळापर्यंत गावातून दगडी पायऱ्यांची चढती गल्ली आहे. सलग उभा चढ नाही, टप्प्याटप्प्याने आहे. वाटेत दुकानांपुढे बसायला जागा मिळते. सावकाश गेलात तर बाबांना जमेल असं वाटतं.

रानवारा

सगळे एका सुरात बोलतायत म्हणून दुसरी बाजू मांडतो. गेल्या वर्षी आम्ही सासू-सासऱ्यांना घेऊन गेलो होतो. काठमांडूची धूळ आणि वाहतूक म्हाताऱ्या माणसांना सोसत नाही. रिंग रोडवर तास-तास अडकलो. सासऱ्यांना दमा आहे, त्यांना मास्क लावूनही त्रास झाला. १३ किलोमीटर वाचायला सोपं वाटतं, पण संध्याकाळी भक्तपूरहून परत यायला आम्हाला चित्रपट बघून व्हावा एवढा वेळ लागला. पोखऱ्याला मात्र फेवा तलावाकाठी दोन्ही म्हातारी माणसं नुसती बसून राहिली आणि खूष होती. आठवड्याभरात निदान तीन दिवस तरी पोखरा ठेवा. देवळं बघून बघून एक वेळ अशी येते की सगळी सारखी दिसायला लागतात.

बागमतीकाठ

रानवारा, धुळीबद्दल तुमचं बरोबर आहे आणि दम्याचा त्रास असेल तर मीही हाच सल्ला दिला असता. पण नोव्हेंबरात पाऊस नुकताच संपलेला असतो, हवा त्यातल्या त्यात बरी असते. खरा धुरळा जानेवारीपासून मार्च-एप्रिलपर्यंत. आणि तुमचा अडकण्याचा अनुभव हेच माझं मुक्कामाचं कारण आहे. रोज सकाळ-संध्याकाळ काठमांडूतून ये-जा केली की दिवसातला निम्मा वेळ गाडीत जातो. पाटणला तीन रात्री आणि भक्तपूरला दोन रात्री राहिलं तर तो प्रवास जवळजवळ संपतो. दोन्हीकडे जुना भाग पायी फिरण्यासारखा आहे. पोखऱ्याचा रस्ता मात्र कामामुळे बऱ्याच ठिकाणी उखडलेला असतो. सात-आठ तासांपेक्षा जास्त बसावं लागलं तर दुखऱ्या गुडघ्यांना ते पायऱ्यांपेक्षा वाईट. जायचंच असेल तर विमानाने जा.

देवळं सारखी दिसतात ती एका दिवसात सहा बघितली की.

मृण्मयी, काल राहिलेलं लिहिते. भक्तपूरच्या टौमढी चौकात न्यातपोल आहे, पाच छपरांचं, १७०२ मध्ये भूपतींद्र मल्लाने बांधलेलं. खाली पाच जोती आणि पायऱ्यांच्या दोन्ही बाजूंना राखणदार: सगळ्यात खाली जयमल आणि पत्ता हे पहिलवान, त्यांच्यावर हत्ती, मग सिंह, मग शार्दूल, आणि सगळ्यात वर बाघिनी आणि सिंघिनी या देवता. प्रत्येक जोडी खालच्या जोडीपेक्षा दहापट बलवान, असं इथलं पोर न पोर सांगतं. आत सिद्धिलक्ष्मी आहे, पण गाभारा लोकांना उघडत नाहीत. त्यामुळे बाबांनी वर चढायची मुळीच गरज नाही. समोरच्या भैरवनाथाच्या बाजूला पारावर बसून ते देऊळ जास्त चांगलं दिसतं.

आणि आईंना सांग, भक्तपूरला दत्ताचं देऊळ आहे. तचपाल चौकात. गावाच्या त्या भागाला दत्तात्रय चौकच म्हणतात. यक्ष मल्लाच्या काळातलं, १५व्या शतकातलं, तीन मजली. एकाच झाडाच्या लाकडातून ते उभारलं अशी गावची समजूत आहे. दारात तेच दोन पहिलवान, समोर खांबावर गरुड. महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी होते. माझ्या सासूबाई आल्या होत्या तेव्हा त्यांनी तिथे उभं राहून आपली आरती म्हटली, तर शेजारच्या नेवार (खोऱ्यातल्या मूळ रहिवासी समाजातल्या) आजी शेवटपर्यंत टाळ्यांचा ठेका देत उभ्या राहिल्या. मागच्या गल्लीत पुजारी मठाच्या भिंतीवर मोराची खिडकी आहे, पिसारा फुलवलेला लाकडी मोर. गल्ली इतकी अरुंद आहे की तो मोर बघायला मान वर करून भिंतीला पाठ टेकवावी लागते.

मृण्मयी_कोथरूड

बागमतीकाठताई, काय लिहिलंय! आईला वाचून दाखवलं. दत्ताचं देऊळ ऐकून ती हरखलीच. शिलालेख, तुमचा प्रतिसाद बाबांनी दोनदा वाचला आणि मानदेवाच्या लेखाचं वाचन कुठे मिळेल ते शोधायला लागलेत.

आता मच्छिंद्रनाथांबद्दल सांगा ना. पोथीत गोरक्षनाथ स्त्रीराज्यातून गुरूंना सोडवून आणतात तेच हे का?

मायंबाचा_पंढरी

या प्रश्नासाठीच लॉगिन केलं. मी मूळचा आष्टीकडचा. आमच्याकडे सावरगावला मायंबा आहे, मच्छिंद्रनाथांची समाधी. लहानपणापासून तिथे जाणं-येणं. कामानिमित्त काठमांडूला गेलो तेव्हा पाटणच्या रस्त्यावर रथाचं प्रचंड धूड उभं दिसलं. कुणाचा रथ म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणाला 'मच्छिंद्रनाथ'. मी तिथेच हात जोडले.

नाथ तेच. तिथली गोष्ट वेगळी. गोरखनाथ खोऱ्यात आले, त्यांचा मान कुणी राखला नाही. मग ते पाऊस पाडणाऱ्या नागांना बूडाखाली दाबून ध्यानाला बसले आणि बारा वर्षं दुष्काळ पडला. त्यांना उठवायचं तर गुरूच यायला हवेत. म्हणून राजा नरेंद्रदेव, बंधुदत्त नावाचे आचार्य आणि एक शेतकरी असे तिघे कामरूपाला गेले आणि मच्छिंद्रनाथांना घेऊन आले. गुरू दिसल्याबरोबर गोरखनाथ नमस्काराला उठले, नाग सुटले आणि पाऊस झाला. आमच्यासारख्या दुष्काळी भागातल्या माणसाला ही गोष्ट ऐकून काय वाटलं असेल ते सांगता येत नाही. राजाबरोबर शेतकरीही देव आणायला जातो, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

बागमतीकाठ

पंढरीदादा, सुंदर लिहिलंत. त्यात थोडी भर घालते.

इथे त्यांना रातो मच्छिंद्रनाथ म्हणतात, मूर्ती लाल रंगाची असते. वर्षातला काही काळ मूर्ती पाटणच्या तबहालात (देवळाच्या आवाराचं नाव) असते आणि काही काळ दक्षिणेला बुंगमती गावात. वैशाखाच्या सुमाराला पाटणमधल्या पुल्चोकला रथ बांधतात, लाकूड आणि वेत वापरून, उंची साठ फुटांच्या आसपास. पाटणमधून तो कित्येक दिवस टप्प्याटप्प्याने ओढतात आणि शेवटी जावलाखेलला भोटो जात्रा होते. एका शेतकऱ्याची रत्नजडित बंडी चारी बाजूंना लोकांना दाखवतात. राष्ट्राध्यक्षही येतात. दर बारा वर्षांनी मात्र रथ थेट बुंगमतीहून निघतो. २०१५ हे तसं वर्ष होतं. रथयात्रा चालू असतानाच २५ एप्रिलचा भूकंप झाला, रथ वाटेत थांबला आणि बुंगमतीचं देऊळ कोसळलं. त्या हिशेबाने पुढची बारा वर्षांची यात्रा २०२७ मध्ये येते. ज्यांना जमेल त्यांनी जरूर बेत करावा.

मृण्मयी, एक गोष्ट आईंना आधीच सांगून ठेव. पूजा करणारे पुजारी बौद्ध आहेत. बौद्ध लोक याच मूर्तीला करुणामय लोकेश्वर म्हणतात. पाटणमध्ये एकाच रांगेत पोथी वाचणाऱ्या आजी आणि माळ ओढणारे बौद्ध आजोबा उभे असतात. कुणी कुणाला विचारत नाही. आपल्याकडच्या देवळासारखा मोठा गाभारा, नारळ-हार अशी अपेक्षा ठेवली तर पहिल्यांदा थोडं गोंधळायला होईल. आणि नोव्हेंबरात मूर्ती दोहोंपैकी कुठे आहे ते पाटणमध्येच विचारून मग निघा.

मूर्ती पाटणला असली तरी बुंगमतीला जाच. ते लाकूड कोरणाऱ्यांचं गाव आहे. उघड्या दारात कारागीर मांडी घालून बसलेला असतो, फळी दोन्ही पायांच्या तळव्यांत धरलेली, पंचवीस-तीस छिन्न्या जमिनीवर ओळीने मांडलेल्या. वर न बघता हात त्यातली नेमकी छिन्नी उचलतो. बाबांना तिथे एक खुर्ची मिळवून दे. शेजारच्या खोकनात मोहरीच्या तेलाचे जुने घाणे आहेत. गाव ओलांडायच्या आतच वास येतो.

दगडविटा

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं काम करतो, म्हणून एक विनंती. खोऱ्यात फिरताना 'हे नवीन बांधलंय, यात काय बघायचं' असं म्हणून पुढे जाऊ नका. २०१५ च्या भूकंपात जवळपास नऊ हजार माणसं गेली आणि शेकडो देवळं, मठ, पाट्या (रस्त्याकडेचे विसाव्याचे मंडप) पडल्या. पाटणच्या चौकातली चारनारायण आणि हरिशंकर ही देवळं सपाट झाली होती. आज ती पुन्हा उभी आहेत. लोकांनी, पोलिसांनी, सैनिकांनी ढिगाऱ्यातून कोरीव तुकडे वेचून राजवाड्याच्या आवारात रचून ठेवले होते. सुतारांनी जुना तुकडा जिथे वापरता येईल तिथे वापरला आणि तुटलेल्या भागापुरतंच नवं लाकूड जोडलं. पाटणला छपराखालचे तिरके टेकू, ज्यांना इथे टुंडाल म्हणतात, ते नीट बघा. एकाच देवतेचा एक हात काळपट आणि दुसरा फिकट दिसेल. फिकट तो नवा.

काठमांडूच्या काष्ठमंडपाचीही अशीच गोष्ट. ज्या वास्तूवरून शहराचं नाव पडलं ती भूकंपात कोसळली. पुढे पायाचं उत्खनन झालं तेव्हा बांधकाम ७व्या शतकापर्यंत मागे गेलं आणि पाया भक्कम असल्याचं दिसलं. पुनर्बांधणी सिमेंट-लोखंडाने करायची की लाकूड, वीट आणि मातीने, यावर शहरात मोठा वाद झाला. स्थानिक लोकांनी पारंपरिक पद्धतीचा आग्रह सोडला नाही. मृण्मयीताई, आतमध्ये गोरखनाथांची मूर्ती आहे. आईंना तिथेही न्या, आणि थोडं लवकर न्या. सकाळी भाजीवाले आजूबाजूला बसतात तेव्हा तो मंडप मूळ कामासाठी, म्हणजे चार माणसांनी टेकायला, वापरात दिसतो.

याच संदर्भात पाटणचं कृष्णमंदिर. १६३७ मध्ये सिद्धिनरसिंह मल्लाने बांधलं, संपूर्ण दगडी, २१ शिखरांचं. १९३४ आणि २०१५ हे दोन्ही मोठे भूकंप त्याने पचवले. पहिल्या मजल्याच्या पट्टीवर महाभारत आणि दुसऱ्यावर रामायण कोरलेलं आहे, प्रसंगाखाली नेवारीत ओळी आहेत. वर सोडत नाहीत, त्यामुळे दुर्बीण नेलीत तर बाबा तुम्हाला आयुष्यभर दुवा देतील. पाटणचं संग्रहालयही राजवाड्यातच आहे. धातूच्या मूर्ती कशा ओततात ते तिथे टप्प्याटप्प्याने मांडलंय. दोन तास हाताशी ठेवूनच आत शिरा.

अण्णा_सातारकर

मृण्मयी बाळ, तुझे आई-बाबा माझ्याच वयाचे आहेत म्हणून चार गोष्टी सांगतो.

पशुपतिनाथाला पहाटे जा. दुपारी गाभारा बंद असतो आणि शनिवारी, सोमवारी गर्दी आवरत नाही. नेपाळात साप्ताहिक सुट्टी शनिवारी असते, हे लक्षात ठेव. चामड्याचा पट्टा, पाकीट आत नेऊ देत नाहीत, हॉटेलातच ठेवा. पूजा करणारे भट्ट पुजारी परंपरेने दक्षिणेतून, कर्नाटकातून येतात. त्यांच्याशी हिंदीत बोलता येतं. संध्याकाळी बागमतीच्या पलीकडच्या काठावर पायऱ्यांवर बसून आरती बघा. समोर घाटावर चिता जळत असतात आणि त्याच वेळी आरती चालू असते. आई हळव्या मनाची असेल तर आधी कल्पना दे.

स्वयंभूला पूर्वेच्या बाजूने ३६५ पायऱ्या आहेत, तिकडून नेऊ नकोस. गाडी पश्चिमेच्या बाजूला वरपर्यंत जाते, तिथून थोड्याच पायऱ्या उरतात. बुढानीलकंठ सपाटीवर आहे. तळ्यात शेषावर निजलेला विष्णू, एकाच काळ्या दगडातला, पाच मीटर लांब. नेपाळचे राजे तिथे दर्शनाला जात नसत अशी जुनी रीत आहे. कार्तिकी एकादशीला देव जागा होतो म्हणून तिथे फार मोठी यात्रा भरते, हरिबोधिनी म्हणतात. आपला पांडुरंग विटेवर उभा आणि हा पाण्यात निजलेला, पण एकादशी तीच. तुमच्या तारखा त्यात येत असतील तर भल्या पहाटे जा, मी गेलो होतो तेव्हा तुळशीच्या मंजिऱ्यांनी पाणी दिसत नव्हतं.

स्वराली_नागपूर

खाण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आम्हीही शाकाहारी आहोत. दालभात-तरकारी सगळीकडे मिळतं आणि पोट भरेपर्यंत वाढतात. मोमो मागवताना 'भेज' असं स्पष्ट सांगा, कारण 'बफ' म्हणजे म्हैस आणि तेच जास्त खपतं. शक्यतो फक्त शाकाहारी असलेल्या ठिकाणी जा, पाटण आणि काठमांडूच्या ठमेल भागात अशी भरपूर आहेत. नेवारी पदार्थांत उडदाचा बारा आणि तांदळाच्या पिठाची चटामरी साधी मागता येते, पण वर अंडं किंवा खिमा घालायची पद्धत आहे, आधीच सांगावं लागतं. भक्तपूरला मातीच्या वाडग्यातलं जुजु धौ खा. म्हशीच्या दुधाचं घट्ट गोड दही, चमचा उभा राहतो.

आणि विमानाने जाणार असाल तर पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं. १५ ते ६५ वयाच्या माणसाला नुसत्या आधारवर सोडत नाहीत. आमच्या गटातल्या एकाला विमानतळावरूनच परत फिरावं लागलं. दिल्लीहून जाताना डाव्या खिडकीच्या जागा घ्या, हिमालय त्या बाजूला.

रानवारा

एवढं सगळं वाचून मलाच परत जावंसं वाटायला लागलंय. आम्ही खरंच एका दिवसात सहा ठिकाणं केली होती. दक्षिणकालीबद्दल कुणी सांगेल का? सासूबाईंची तिथे जायची इच्छा राहून गेली.

बागमतीकाठ

दक्षिणकाली काठमांडूच्या दक्षिणेला साधारण २२ किलोमीटरवर, ओढ्यांच्या संगमाजवळच्या घळीत आहे. जागा फार सुरेख आहे. पण मंगळवारी आणि शनिवारी तिथे बळी देतात, कोंबड्या-बोकडांच्या रांगा असतात आणि फरशीवर रक्त असतं. ज्यांना ते बघवणार नाही त्यांनी इतर दिवशी जावं. वाटेत फर्पिंगला शेषनारायणाचं देऊळ आहे, कड्याला चिकटलेलं, खाली स्वच्छ पाण्याची कुंडं. शेजारीच बौद्धांची गुरू रिंपोछे यांची गुहा आणि मठ. सासूबाईंना ते नक्की आवडेल. घळीत उतरायला पायऱ्या आहेत, त्यामुळे मृण्मयीच्या बाबांसाठी मी हे सुचवलं नव्हतं.

शिलालेख

पनौती राहिलं. काठमांडूपासून ३० किलोमीटरच्या थोडं पुढे, आग्नेयेला. रोशी आणि पुण्यमती या दोन नद्यांच्या संगमावरचं छोटं नेवार गाव. तिसरी नदी गुप्त आहे असं मानतात. इंद्रेश्वर महादेवाचं देऊळ मूळ १२९४ चं. छपराचे टुंडाल नेपाळातल्या सगळ्यात जुन्या आणि सुंदर लाकूडकामात मोडतात. शांत चेहऱ्याच्या, झाडाखाली उभ्या असलेल्या सडपातळ आकृत्या, पुढच्या काळातली गजबज त्यांत नाही. गोष्ट गौतम ऋषी आणि अहिल्येची. इंद्राला मिळालेला शाप या संगमावर फिटला असं सांगतात. त्र्यंबकेश्वराकडे गौतमाच्या कथा ऐकत वाढलेल्या माणसाला तिथे परकं वाटणार नाही.

गावातल्या बायकांनी चालवलेले घरगुती मुक्काम आहेत. एक रात्र तिथे राहिलात तर सकाळी संगमावरचा घाट तुमच्या एकट्याचा. पुढे नमोबुद्ध आहे. भुकेल्या वाघिणीला राजपुत्राने स्वतःचं शरीर दिलं ती जातककथा तिथली. मठ टेकडीवर आहे, पायऱ्या आहेत, पण गाडी बरीच वर जाते.

कीर्तिपूरही काठमांडूजवळच आहे, जमलं तर अर्धा दिवस काढा. पृथ्वीनारायण शाहाला या टेकडीवरच्या गावाने दोनदा मागे रेटलं. पहिल्या लढाईत त्याचा सेनापती कालू पांडे पडला. शेवटी गाव पडलं तेव्हा त्याने पुरुषांची नाकं कापायला लावली. लढणाऱ्यांच्या तलवारी बाघभैरवाच्या देवळाच्या भिंतीवर अजून टांगलेल्या आहेत. खाली उभं राहून त्या गंजलेल्या पात्यांकडे बघताना इतिहास जिंकणाऱ्याच्या बाजूने वाचायची सवय मोडते.

मृण्मयी_कोथरूड

सगळ्यांचे मनापासून आभार. टूरवाल्याला 'नाही' म्हणून कळवून टाकलं. बाबांनी वही घातलीय आणि पुढचा कार्यक्रम त्यांनीच लिहिलाय:

पहिल्या तीन रात्री पाटण. त्यात एक पूर्ण दिवस पाटण आणि संग्रहालय, एक दिवस पशुपतिनाथ पहाटे, दुपारी विश्रांती, संध्याकाळी आरती. एक दिवस मच्छिंद्रनाथ, बुंगमती, खोकना. मग भक्तपूरला दोन रात्री, एक सकाळ चांगुनारायण. त्यानंतर पनौतीला एक रात्र. शेवटची रात्र काठमांडूत: काष्ठमंडप आणि बुढानीलकंठ. बौद्धनाथ आणि स्वयंभू वाटेत जमलं तर, नाहीतर नाही. पोखरा पुढच्या वेळी.

यात काही चुकतंय का?

बागमतीकाठ

छान जमलंय. दोनच बदल सुचवते. बौद्धनाथ 'जमलं तर'मध्ये ठेवू नका. पशुपतिनाथापासून ते अगदी जवळ आहे आणि पूर्ण सपाट. संध्याकाळी आरतीच्या आधी तासभर तिथे गोल फिरणाऱ्या लोकांबरोबर आईंना एक प्रदक्षिणा घालू दे, घड्याळाच्या दिशेनेच. आणि शनिवार कुठे येतो ते बघ. तो पशुपतिनाथावर येत असेल तर बुंगमतीचा दिवस तिथे आण. शनिवारी कारागीर घरीच असतात, काम चालू असतं.

भक्तपूरचं प्रवेश तिकीट सार्क देशांच्या नागरिकांना कमी दरात मिळतं, ओळखपत्र दाखवावं लागतं. मुक्काम आहे हे तिथेच सांगून मुदत वाढवून घे, म्हणजे चांगुनारायणहून परत येताना पुन्हा पैसे पडणार नाहीत. शंभराच्या भारतीय नोटा जवळ ठेव, शंभराचे १६० नेपाळी हा दर पक्का आहे. मोठ्या दुकानांत आपलं यूपीआय बऱ्याचदा चालतं, बुंगमती-पनौतीला रोखच लागेल.

पाटणला पोचलात की कळव. तबहालात मूर्ती आहे की नाही ते मी आदल्या दिवशी जाऊन बघून ठेवते.

मायंबाचा_पंढरी

ताई, मूर्ती कुठे आहे ते कळलं की इथेही लिहा. २०२७ च्या यात्रेला आमच्या गावाहून दहा-बारा जण यायचं म्हणतायत. रथ बुंगमतीहून निघतो त्या दिवशी तिथे राहायची सोय होईल का, की पाटणहूनच जावं लागेल?

बागमतीकाठ

दादा, बुंगमती लहान गाव आहे, यात्रेच्या दिवशी तिथे एवढ्या लोकांची सोय होणं कठीण. पाटणला मुक्काम करा आणि पहाटे निघा, रस्ते बंद होण्याआधी. रथ निघायची तारीख ज्योतिषी मुहूर्त काढून ठरवतात. चैत्राच्या सुमाराला मला इथेच विचारा, मी चौकशी करून सांगते.